बाद झालेल्यांचा व्हरांडा

७ जुलै, सोमवार
सहावीची इंग्रजी शब्दसंपत्ती शून्य. आजपासून खेळातून शिक्षण. नियम माझाच: शब्द चुकला की बाद, बाद झाला की व्हरांड्यात. २५ तारखेला केंद्रप्रमुख बघायला येतायत. खेळ आवडला तर तालुक्याच्या शिक्षण परिषदेत माझं प्रात्यक्षिक. आवडणारच.

८ जुलै
रत्ना पहिल्याच शब्दाला बाद. दहा मिनिटांत अख्खा वर्ग बाद. शेवटपर्यंत मी एकटा टिकलो. डोकं फिरलं. इतका सोपा खेळ हरायला यांना जमतं कसं?

११ जुलै
स्कोअर: मी ५२, वर्ग ३. संताप, संताप. वर्गातल्या कपाटात चित्रांची जुनी डिक्शनरी निघाली, निम्मी वाळवीनं खाल्लेली. शाळेच्या व्हरांड्यात खिचडी शिजवणाऱ्या सरूबाईला चूल पेटवायला देऊन टाकली. मला डिक्शनरीची गरज पडत नाही.

१६ जुलै, ST चुकली
चौथीच्या अश्विनी मॅडम म्हणाल्या, बाद मुलांना परत संधी द्या. मी म्हटलं, ही स्पर्धा आहे, सदावर्त नाही. घरी नसरापूरला पोचेपर्यंत टेम्पोत मनातल्या मनात त्यांच्याशी भांडलो. जिंकलो.

१८ जुलै
व्हरांड्यात हशा. बाद झालेली मुलं सरूबाईला डिक्शनरी वाचून दाखवतात. सरूबाई चुलीपाशी एकेक वस्तू उचलते, मुलं इंग्रजी शब्द सांगतात. चुकलं तरी ताटात खिचडी पडतेच! याला खेळ म्हणतात? सगळ्यांना झापलं. पुस्तक अजून जाळलं कसं नाही, म्हणून सरूबाईलाही झापलं. तिनं ऐकून घेतलं आणि मुलांना वाढत राहिली.

२४ जुलै
तयारी पूर्ण. मुलांना सक्त ताकीद: उद्या चुकायचं नाही. भाषणाची सुरुवात लिहून ठेवली. शाल देतात का, विचारायला हवं.

२५ जुलै
मुलं चुकली नाहीत. कुणी तोंडच उघडलं नाही. गप्प म्हणजे बाद, नियम तो नियम. अकरा मिनिटांत वर्ग रिकामा. उरलो मी आणि केंद्रप्रमुख साहेब. मी शाबासकीची वाट बघत होतो. साहेब उठले आणि मुलांच्या मागं व्हरांड्यात गेले.

तिथं सरूबाईंनी पळी उचलली. लेडल, रत्ना म्हणाली. मग उकळणं, सोलणं, चाळणं, सगळं इंग्रजीत. रत्ना थांबेना. तीन आठवड्यांत माझ्यासमोर एक शब्द बोलली नव्हती ती. साहेब खाली बसले, दोनदा चुकले, हसले. तालुक्याच्या परिषदेला सरूबाई आणि ही मुलं येतील, म्हणाले.

मग सरूबाईंनी उलथनं माझ्यासमोर धरलं.

फ्लॅट स्पून, मी म्हणालो. रत्नानं मान हलवली, चूक. मी आपणहून बाद व्हायला निघालो, पण व्हरांड्यातून बाद होऊन जायचं कुठं?

"हितं कुणी बाद न्हाई, सर," सरूबाई म्हणाल्या. "परत सांगा."

परत सांगितलं. व्हेरी फ्लॅट स्पून.

रत्नानं सरकून मला जागा करून दिली. भयंकर राग आलाय. कुणाचा, ते ठरत नाही.