काचेपलीकडची मान

सामोकोव, ८ नोव्हेंबर

प्रिय व्योलेताताई,

तुझं खुशालीचं पत्र पोचलं. आम्ही बरे आहोत. आईच्या लाल मिरच्या भाजून, वाटून बरण्यांत गेल्या. अंगणभर धूर आणि तिची बडबड. तुझ्या बरण्या वेगळ्या काढल्यात. बेर्गामोत थंडी पडली का?

इथे डोंगरावर बर्फ पडलाय. स्की शाळेतले जुने सोबती दारावरून ओरडत जातात, "राल्या, येतेस ना?" मी हात हलवते आणि दार लावून घेते.

गुडघाही बरा आहे, असं लिहिणार होते. पण परवा प्लोवदिवच्या नव्या डॉक्टरांकडे गेले. अपघाताच्या वेळचा एक्स-रे उजेडात धरून ते म्हणाले, "ऑपरेशनमध्ये बसवलेलं लिगामेंट घट्ट आहे हो. पण पडलात तेव्हा नडगीचं हाडही फुटलं होतं, वर, अगदी सांध्यात. ते खडबडीत जुळलंय. आता उतारावर जाणं विसरा. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"मला कुणी सांगितलंच नाही."

"मग घरच्यांना सांगितलं असेल. आपल्याकडे तसंच करतात."

घरचं म्हणजे कोण होतं गं तिथे? आई तर इथेच होती. सोफियाच्या दवाखान्यात माझ्यापाशी तू एकटी होतीस.

तेव्हापासून डोक्यात भुंगा शिरलाय. गेल्या वर्षी शाळेत व्यायामशिक्षिकेची जागा मला देत होते. मला बर्फावर परतायचं होतं, म्हणून मी ऐटीत नको म्हटलं. तू फोनवर म्हणालीस, "तू ठरव बाई, तुला सगळं माहीतच आहे." मग ती जागा कुणाला मिळाली? तुझ्या नवऱ्याच्या भाचीला. मिलेना रस्त्यात दिसली की मी वाट बदलते. आईला हे बोलले तर ती भडकलीच. "लाज नाही वाटत? सख्ख्या बहिणीवर संशय घेतेस?"

हो, घेते.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीचं आठवतं का? काचेच्या दारापलीकडे डॉक्टर माझ्याकडे बोट करून तुला काहीतरी विचारत होते. हिला सांगायचं का, हेच असणार. तू मान वर-खाली हलवलीस. ते आत आले आणि "लिगामेंट छान बसलंय" एवढंच बोलून गेले.

पण त्याच आठवड्यात बेकरीत तुझी फजिती झाली होती. पाव हवा म्हणून तू तिकडच्यासारखी मान वर-खाली केलीस, आपल्याकडे त्याचा अर्थ 'नको', म्हणून बाईने पाव परत फळीवर ठेवला. "इटलीत राहून हिला हो-नाही कळेनासं झालं," म्हणून आई फोनवर किती हसली होती!

मग डॉक्टरांनाही तू 'हो, सांगा' म्हणालीस, आणि त्यांनी ते आपल्या रीतीने 'नको' समजलं? आणि मला सगळं कळलंय असं तुला आजवर वाटत राहिलं? की तेव्हा तू आपल्या रीतीनेच मान हलवलीस? मी आरशासमोर उभी राहून मान हलवून पाहते. वेडी झालेय मी.

बर्फ गेला, ते मी सोसेन. पण तुझ्याविषयी असं मनात ठेवून मला तुझ्याशी गोड बोलता येत नाही, ताई. नाताळला येऊन समोर बसून सांगू नकोस. आई रडेल, आणि खरं न कळताच मी तुला माफ करून टाकेन. कागदावर लिही.

उत्तर येईपर्यंत तुझीच,
राल्या