उरलेला निरोप

७ जानेवारी १९७४
वडप्याच्या गोदामात आज कामावर लागले. खोली हवेशीर आहे, खिडकीतून हायवे दिसतो, टेबलावर काळा टेलिफोन. भिवंडीहून केसरीनाथशेटचा फोन आला की कापडाचा ट्रक सोडायचा. मागे कुणी त्यांचा आवाज काढून ट्रक पळवला, म्हणून आता खुणेचा शब्द हवा. मी सुचवलं, आमच्या ह्यांचंच नाव ठेवा. हे शेटच्याच गाडीवर ड्रायव्हर होते. लग्नापासून ते नाव माझ्या ओठांवर आलं नाही, हे गेले तरी नाही. माझ्याकडून फुटायची भीती नाही. शेटनी उच्चारायचं, मी ऐकायचं. ट्रक माझा भाऊ लडकू चालवतो. म्हणाला, ताई, नाव न घेण्याचा पगार खाणारी तू पहिलीच!

११ जानेवारी
ह्या लाईनीनं वीट आणलाय. नुसती खरखर. माझं बोलणं उशिरा पोचतं, उत्तर येतं ते मघाच्या प्रश्नाचं. शेट ओरडतात, मी ओरडते. एक्सचेंजवाला म्हणतो, लाईन ठीक हाय बाई, तुमीच सावकाश बोला.

१६ जानेवारी
दुपारी फोन. खरखरीतून ह्यांचं नाव आलं आणि लाईन तुटली. ट्रक सोडला. मग शेट तणतणत आले. त्यांनी फोन केलाच नव्हता. लडकू चालत परतला. पडघ्याच्या अलीकडे ब्रेक गेला, गाडी बांधाला अडली म्हणून वाचला. ह्यांची गाडी उलटली तेच वळण. शेट मात्र एकच विचारतात, शब्द कुणाला सांगितलात? कुणाला सांगणार!

१७ जानेवारी
शब्द बदलला. फोनवर नको म्हणून शेट समोर बसून सांगून गेले. आता ह्यांचं नाव घेईल तो चोर समजायचा. गाडी दुरुस्त होऊन आली.

१९ जानेवारी
पुन्हा तोच. मी अमुक बोलतोय, आणि अमुकच्या जागी ह्यांचं नाव. रिसीव्हर आपटला. पुन्हा वाजला, पुन्हा आपटला. आवाज ओळखीचा वाटला. वाटू दे.
मग शेटचा फोन. नवा शब्द बरोबर. लडकू निघाला.

परत वाजला. ह्या वेळी नाव नाही. मघाचं राहिलेलं तेवढंच— लडकूला सोडू नकोस, ब्रेक—
ह्यांचाच आवाज. सोळा तारखेलाही ह्यांना हेच सांगायचं होतं. आधी नाव सांगितलं, फोनवर सगळे सांगतात तसं. आणि मी—

पडघ्याच्या पेट्रोल पंपावर कॉल लावतेय, लडकूला तिथं अडवायला. लागत नाही. लाईन ठीक हाय म्हणे!

वाजला. मी लडकू बोलतोय ताई, एवढंच, मग खरखर. गाडीत कुठला फोन? पंपावर तर तो अजून पोचलाही नसेल— पुढचं उशिरा येईल. रिसीव्हर कानाला धरून—