माप जेवून घे

लाडक्या चिमणे,

आई सांगते, मी पाठवलेले मॉडेल्सचे फोटो आरशाला चिकटवून तू रात्रीचं जेवण सोडलंस. अगं वेडे, त्या मुलींना कपडे मीच चढवते! अंगावर अगदी चपखल दिसणाऱ्या त्या झग्यांना पाठीमागे ढीगभर चिमटे लावलेले असतात. फोटोत पाठ येत नाही, एवढंच. कापडाने अंगाप्रमाणे वळावं. अंगाने कापडासाठी का झिजावं?

काल निळं रेशीम मेजावरून आपसूक ओघळलं, खिडकीतलं ऊन त्यात हललं, आणि तू दिसलीस, तुझ्या त्या झुलत्या चालीने खिदळत येणारी. ते कापड तुझंच. अजून कात्री लावलेली नाही.

आईचे गुडघे कसे आहेत? तिच्याकडून तुझं माप घेऊन कळव. पण पोटभर जेवून उठल्यावरच.

तुझ्यासाठी कात्री धरून बसलेली,
ताई