वाढव म्हणजे किती

नाना,

मिलच्या वरच्या खोलीतला जुना सर्व्हर गेल्या आठवड्यात बंद केला. तुम्ही त्याला डबा म्हणायचात. ही बातमी तुम्हाला तुम्ही असतानाच मिळायला हवी होती. ती का मिळाली नाही, हे मला तुम्ही गेल्यानंतर कळलं, आणि कळल्यावरही मी ते इतके दिवस कुणाला सांगितलेलं नाही. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

धुळ्याहून शिकून मी तुमच्या डाळ मिलमध्ये लागले, तेव्हा तुम्ही सकाळी मिलवर आणि दुपारनंतर बाजारातल्या पेढीवर असायचात. पेढीशी माझा संबंध नव्हता. माझं काम वरच्या खोलीत, आणि संध्याकाळी मिलची गाडी आम्हाला स्टँडवर सोडायची तेव्हा तुमची पेढी अजून उघडी असायची. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. पहिल्याच दिवशी तुम्ही खोलीच्या दारात उभे राहून विचारलंत, "बेटा, हा डबा दिवसरात्र चालतो, तो कुणासाठी? रात्री डाळ कोण तोलून घेतं?" मी सर्व्हर म्हणजे काय, तो बंद का करत नाहीत, हे नीट सांगितलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि मुनीमजींना म्हणालात, "चला, आपल्याकडे एक जण तरी असा आहे जो झोपत नाही." सगळे हसले. मी हसले नाही. त्या दिवसापासून तुमच्यासाठी मी इंजिनीअरबाई झाले.

त्या दिवाळीला मिठाईच्या खोक्याबरोबर तुम्ही मला एक पिशवी दिलीत. आत पांढऱ्या जाड कापडाचं, लाल गोट लावलेलं झाकण होतं. घरी काकूंकडून मापाने शिवून घेतलेलं, सर्व्हरसाठी. धूळ बसते म्हणून. तुम्ही ते स्वतःच्या हाताने त्याच्यावर घातलंत आणि तुमची पाठ फिरताच मी काढलं, कारण चालू सर्व्हरला झाकण घालणं म्हणजे माणसाच्या नाकावर उशी ठेवणं. यात मी बरोबर होते. अशा बऱ्याच गोष्टींत मी बरोबर असायचे आणि तुम्ही चूक. स्क्रीन काळी झाली की यंत्र बंद झालं, असं तुम्ही शेवटपर्यंत मानत होता. ते झाकण मी टाकलं नाही. आज ते माझ्या घरी मिक्सरवर आहे, मापाला जरा मोठं होतं.

पुढच्या वर्षी पाडव्याला नवे हिशेब भाड्याच्या सर्व्हरवर गेले. तो दुसऱ्या कुठल्या तरी शहरात होता, आम्ही फक्त इथून वापरायचो. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "म्हणजे आपला डबा आता रिकामा?" मी म्हटलं, "जवळजवळ." त्यात जुनी बिलं आणि फाटकावरच्या, काट्यावरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण एवढंच उरलं होतं. ते कुणी बघत नव्हतं. तरीही तो चालू राहिला, कारण बंद कर असं कुणी सांगितलं नव्हतं, आणि न सांगितलेलं काम मी करत नाही.

मग जळगावचा उन्हाळा आला. वरच्या खोलीची भिंत पश्चिमेची. मी एसी अठरावर ठेवायचे, तेव्हा सगळे तसंच ठेवायचे. त्याचं बाहेरचं यंत्र मागच्या अंगणाकडे तोंड करून बसवलेलं. तिथे पत्र्याच्या सावलीत बायका डाळ निवडत बसतात, हे बसवणाऱ्याला दिसत होतं, मलाही दिसत होतं. आमच्या नकाशात मात्र ती जागा 'मोकळी बाजू' होती. एका सकाळी तुम्ही मला खाली बोलावलंत. बायकांतली सगळ्यांत जुनी, जिला तुम्हीसुद्धा अक्का म्हणायचात, सुपातला हात न थांबवता त्या यंत्राच्या गरम हवेबद्दल अहिराणीत बोलत होती.

"नाना, हाई पोरना डबाना बठ्ठा ताव आमना आंगवर येस. आम्ही डाळ निवडाले येतस का शेकाले?"

"अक्का, भाजल्या डाळीला भाव चांगला मिळतो," तुम्ही म्हणालात.

"मंग तुम्ही बठा आठे. तुमनाबी भाव वाढी!"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या, तुम्हीही हसलात. मग तुम्ही त्या यंत्रासमोर जाऊन हात वर केलात, तळवा त्या हवेत धरलात, आणि तुमचं हसू थांबलं. माझ्याकडे वळून तुम्ही म्हणालात, "बेटा, तो वरचा डबा आता वाढव."

मी म्हटलं, "हो."

तेवढंच. का, किती, कधी, काही नाही. एका शब्दात उत्तर देणं म्हणजे कामात पक्कं असणं, असं मला तेव्हा वाटायचं. शिवाय मला ते विचित्र वाटलं नाही. छोटे शेठ त्याच महिन्यात आणखी कॅमेरे बसवा म्हणून मागे लागले होते, जुनी जागा भरत आली होती. बापलेकांचं बोलणं झालं असेल, असं मी धरून चालले. अक्काच्या तक्रारीचं काय, हा प्रश्न मला पडला होता, पण तो तुमचा प्रश्न, तुम्ही पाहाल, असं मी ठरवलं. मी नवा सर्व्हर मागवला, पहिल्यापेक्षा मोठा. दोन यंत्रांची उष्णता एका एसीला झेपेना, म्हणून दुसरा एसी. त्याचं बाहेरचं यंत्र पहिल्याच्या शेजारी. काम वेळेच्या आधी पूर्ण झालं, याचा मला अभिमान होता.

तुम्ही आलात तो दिवस मला दिसतो. अंगणात उभे राहून तुम्ही वर बघता आहात. एकाच्या जागी दोन. बायका तुमच्याकडे बघत नाहीत. तुम्ही चिडत नाही. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "शिकलेल्या माणसांपुढे आमचं कोण ऐकतं." आणि हमालांना हाक मारून ताडपत्री मागवता, तिचं एक टोक स्वतः धरून, बायकांच्या आणि त्या हवेच्या मध्ये बांधून घेता. मी जिन्यावर उभी आहे. 'नाना, माझं काही चुकलं का?' हे वाक्य माझ्या तोंडात तयार आहे. पण तुम्ही खर्चावरून बोलताय, म्हातारी माणसं बोलतात तसं, असं मी स्वतःला सांगते आणि वर जाते. त्यानंतर तुम्ही मला इंजिनीअरबाई म्हटलं नाहीत. मॅडम म्हणू लागलात. दिवाळी झाली, आणि थंडीत एका दुपारी पेढीवर बसल्या जागी तुम्ही गेलात.

पुढच्या उन्हाळ्यात मी धुळ्याला घरी होते. आई ओट्यापाशी भांडी विसळत होती. पातेल्याच्या काठाला लागून हातातली काचेची बांगडी तडकली. आई म्हणाली, "वाढली गं." मी हे आयुष्यभर ऐकलं आहे. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. देवासमोर नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. मी चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहिले. आईने विचारलं, "काय झालं? कशाला बघतेस अशी?" मी म्हटलं, "काही नाही."

सोमवारी मी पहिल्यांदाच संध्याकाळी पेढीवर गेले. मुनीमजींना विचारलं, "नाना दुकान बंद करताना काय म्हणायचे?"

"हळू बोला," ते म्हणाले. "बंद म्हणत नाहीत पेढीवर. 'वाढवा आता' म्हणायचे. दुकान वाढवा, दिवा वाढवा. बंद हा शब्द नानांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. का हो?"

"सहज," मी म्हटलं.

तुम्ही मला बंद कर म्हणाला होतात. रिकामा झालेला डबा, त्याची हवा बायकांच्या अंगावर, म्हणून बंद कर. यात न समजण्यासारखं काहीच नव्हतं. फक्त शुभ बोलायची तुमची सवय होती आणि न विचारायची माझी. त्या दोन सवयींच्या मधल्या जागेत एक सर्व्हर आणि एक एसी जास्तीचा उभा राहिला. तुम्ही गेलात ते असं समजून, की या मुलीने माझं ऐकलं नाही. ते खोटं होतं. मी ऐकलं होतं. समजून घेतलं नव्हतं.

त्यानंतरही मी लगेच काही केलं नाही, हे लिहायला हवं. करायचं तर कारण सांगावं लागलं असतं. ते बाहेरून मिळालं. आपली डाळ घेणाऱ्या मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने तिच्या सगळ्या पुरवठादारांना विचारलं, तुमच्या संगणकांचा पर्यावरणावर पडणारा भार तुम्ही कसा कमी करणार आहात? छोटे शेठ हसले. "मॅडम, आपण डाळवाले. आपला धूर निघतो तो बॉयलरचा. संगणकाचा कसला धूर?" मी त्यांना खाली अंगणात नेलं आणि म्हटलं, "इथे हात धरा." त्यांनी धरला. नंतर मी त्यांना कार्यालयाचं मागचं कपाट उघडून दाखवलं. मेलेले मोबाईल, बॅटरी फुगल्या म्हणून टाकलेले लॅपटॉप, चार्जर, बंद पडलेल्या डिस्क. ते बघून ते म्हणाले, "हे सगळं आपलं?"

मग मी रीतसर काम सुरू केलं. प्रत्येक यंत्राला मीटर लावला. जुना सर्व्हर कामात असताना जेवढी वीज घ्यायचा, त्याच्या निम्म्याहून जास्त तो काहीही न करता घेत होता. एसी सव्वीसवर आणला. यंत्रांना काही झालं नाही, कधीच होणार नव्हतं, आम्ही फक्त घाबरून अठरावर ठेवत होतो. कॅमेऱ्यांचं चित्रण महिना झाला की आपोआप पुसलं जाईल अशी सोय केली. वर्षानुवर्षं आम्ही पोत्यांची हालचाल जपून ठेवत होतो. लॅपटॉप ठरावीक वर्षांनी बदलायची पद्धत थांबवली. बॅटरी बदलली, धूळ काढली, बरेचसे पुन्हा चालू लागले. संगणकाचा मोठा भार तो बनतानाच पडून गेलेला असतो, म्हणून घेतलेला जास्त दिवस वापरणं यासारखा सोपा उपाय नाही. कपाटातला ढीग तारा जाळून तांबं काढणाऱ्या भंगारवाल्याला न देता परवाना असलेल्या माणसाला दिला. शेवटी छोटे शेठ म्हणाले, "मग सगळंच भाड्याच्या सर्व्हरवर टाका ना, इथे काही नकोच." मी म्हटलं, "टाकता येईल, पण आधी कमी करून. नाही तर आपली गरम हवा दुसऱ्या गावातल्या कुणाच्या तरी अंगणात जाईल. तिथली अक्का आपल्याकडे येऊन बोलणार नाही." एवढं लांब वाक्य मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा बोलले. त्यांनी मान डोलावली. भाड्याचा सर्व्हर देणाऱ्या कंपनीकडची वीज कशाची, हे विचारणारं पत्र आता गेलं आहे, उत्तर आलेलं नाही.

नवा सर्व्हर खाली उत्तरेच्या खोलीत हलवला. जुन्यातली कायद्याने ठेवावी लागणारी बिलं बाहेर काढून घेतली. गेल्या आठवड्यात सगळं झालं. माझ्या हाताखाली अमळनेरचा एक नवा इंजिनीअर आहे, हुशार, शांत. आम्ही दोघं वरच्या खोलीत उभे होतो. मला काय झालं माहीत नाही, मी म्हटलं, "हा आता वाढव."

त्याने लगेच हो म्हटलं नाही. माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "किती, मॅडम?"

नाना, एवढं सोपं होतं ते. एक शब्द. मला हसू आलं, मग बराच वेळ खिडकीकडे तोंड करून उभं राहावं लागलं. तो बिचारा घाबरून म्हणाला, "सॉरी मॅडम, मला कळलं नाही." मी म्हटलं, "न कळल्यावर विचारलंस, बरं केलंस. बंद कर." त्याने बंद केला. पंख्यांचा आवाज उतरत गेला आणि खालचं बायकांचं बोलणं वर ऐकू यायला लागलं. इतकी वर्षं ते तिथे चालूच होतं.

दोन्ही बाहेरची यंत्रं उतरवली. ताडपत्री अक्काने काढू दिली नाही. "र्‍हाऊ द्या, नानानी बांधेल शे," म्हणाली. मी तिला खरं काय झालं ते सांगणार होते. नाही सांगितलं.

आणखी एक. जुनं चित्रण पुसण्याआधी मी ते चाळलं. त्यात, अंगणाकडे लावलेल्या नव्या कॅमेऱ्यात, तो दिवस सापडला, ताडपत्रीचा. आवाज नाही. तुम्ही टोक धरून उभे आहात, गाठ बसल्यावर तळवा पुन्हा हवेत धरून बघता, आणि मग वर, जिन्याकडे, बराच वेळ बघत राहता. जिन्यावर कुणी नाही. नियम मीच केला आहे, महिन्याच्या वरचं काही ठेवायचं नाही, आणि अहवालात मी लिहिलं आहे की सगळं पुसलं. तेवढी एक फाईल मात्र मी वाढवलेली नाही.