पेटीवरचं तुमचं नाव

प्रिय अप्पा,

आत्ताच बी विंगमधल्या शिल्पाच्या दारातून परत आले. चप्पल काढली आणि सरळ लिहायला बसले. झालेलं सगळं कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि तुम्ही मध्येच बोलणार नाही म्हणून तुम्हाला सांगते. खरं तर ओरडला असतात तर बरं वाटलं असतं.

तुम्ही गेल्यावर आईला मी नावड्याहून इकडे उलव्याला घेऊन आले. तुमची पुस्तकंही आणली. मागच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या गेटजवळ पुस्तकांची पेटी बसवली. ज्याला हवं त्यानं पुस्तक न्यावं, वाचून परत ठेवावं, जमलं तर आपलं एखादं ठेवावं. कल्पना माझीच. कमिटीतले एक जण म्हणाले, "मॅडम, वाचतंय कोण आता? त्यापेक्षा पार्सल ठेवायला कपाट करा." मी भांडले. म्हटलं, माझे वडील नावडे कॉलनीत जिन्याखाली भाजीच्या क्रेटमध्ये पुस्तकं ठेवायचे, तळोज्याच्या कंपन्यांतली माणसं शिफ्टवरून येताना घेऊन जायची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेटी मंजूर! सुतारानं काचेचं दार लावलं, पावसासाठी वर उतरता पत्रा ठोकला, आणि दारावर तुमच्या नावाचा स्टिकर. तुमच्या स्मरणार्थ.

टाळ्या मी घेतल्या, अप्पा. तुमच्या नावावर.

आणि आत काय ठेवलं होतं माहितीये? पोराची सीईटीची जुनी गाइडं, कधीचे तरी दिवाळी अंक, मायक्रोवेव्हबरोबर फुकट आलेलं रेसिपीचं पुस्तक. रद्दीवाल्यासाठी बांधून ठेवलेला गठ्ठा सोडला आणि तोच पेटीत लावला! तुमची पुस्तकं हॉलमधल्या शोकेसमध्ये होती. कुलपात.

उद्घाटनाला आईनं नारळ फोडला. चेअरमन फोटोसाठी उभे राहिले. आईनं चष्मा सारखा केला, पेटीचं दार उघडलं आणि एकेक पुस्तक हातात घेऊन पाहिलं.

"ह्यांचं एक बी पुस्तक नाय ह्यात," ती म्हणाली.

"आई, नंतर ठेवते ना."

"मग नाव बी नंतर लाव. आत्ता काढ."

आवाज चढवला नाही तिनं, पण सगळ्यांना ऐकू गेलं. वॉचमन नखानं स्टिकर खरवडत होता आणि मी पेढ्यांचा बॉक्स धरून तिथेच उभी. तोंड कुठे लपवू असं झालं हो!

संध्याकाळी शोकेस उघडली. आई पुस्तकं काढून देत होती, मी पिशवीत भरत होते. प्रत्येक पुस्तकापाशी माझा हात थांबायचा. तुमच्या तपकिरीचा वास अजून आहे त्यांना.

आता थोडं तुमच्याबद्दल. सहावीत भाषणाच्या स्पर्धेत मला मिळालेलं परीकथांचं पुस्तक तुम्ही मला न विचारता कंपनीतल्या कुणाच्या तरी मुलीला दिलंत. आठवतं? "ती आजारी आहे गं, चार दिवसांत देईल." ते चार दिवस अजून संपायचेत. मी रडले तर तुम्ही हसलात. का हसलात, अप्पा? दिलेली वस्तू परत येत नाही, हे तेव्हाच माझ्या मनात बसलं.

पण पुस्तकं कुलपात ठेवण्याचं हे कारण लिहितानासुद्धा लाज वाटते. पन्नाशीला आले मी! शिवाय इतकी जिवापाड जपली म्हणावं, तर तुम्ही गेल्यापासून त्यातलं एकही वाचलेलं नाही. पाहुणे आले की नुसती दाखवायची.

सोमवारी पुस्तकं खाली नेऊन पेटीत ठेवली; तुमच्या नावाचा स्टिकर परत लावायला मात्र मन धजलं नाही. आणि मग काय केलं? गॅलरीत खुर्ची टाकून पेटीवर नजर ठेवून बसले. काल शिल्पा आली. कडेवर बाळ, एका हातानं पुस्तकं चाळत होती. त्यातलं एक तिनं काखेत धरलं मात्र, मी लिफ्टची वाट न बघता जिन्यानं खाली! धापा टाकत म्हटलं, "माझ्या वडिलांचं आहे हं ते. जपून वापरा. परत कधी आणाल?"

तिनं एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"राहू दे, ताई. घरी हा आहे. एखादं पान फाटलं तर तुम्हाला वाईट वाटेल."

आणि जागच्या जागी ठेवून दिलं. अगदी हळू. ती चिडली असती तर मला इतकं लागलं नसतं.

रात्रभर तेच डोक्यात. आज ते पुस्तक घेऊन तिच्या दारात गेले. म्हटलं, "काल मी चुकले. हे घ्या. परत नाही आलं तरी चालेल." ती म्हणाली, "अहो ताई, कशाला... बरं, फ्रिजवर ठेवते, ह्याचा हात पोचत नाही तिथे."

"त्यानं चावलं तरी चालेल," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण निघताना दोनदा मागे वळून पुस्तकाकडे पाहिलंच! तुमच्यासारखं सहज नाही जमत मला. तुम्हाला तरी पहिल्यापासून जमायचं का?

अजून एक. शोकेस रिकामी करताना आई म्हणाली, "सगळ्या कॉलनीला वाचाया दिलं ह्यांनी. मी आपली धूळ पुसली."

"तुला वाचायचं होतं?"

"कोन इचारतंय! चौथीपातुर शिकलेली मी. आता तर डोळं बी नायत."

तुम्ही विचारलं नाहीत, अप्पा. पण मी तरी कुठे विचारलं? एका घरात राहतो आम्ही. मग तिला म्हटलं, एक तुझ्यासाठी ठेवून घे. तिनं सगळ्यात फाटकं पुस्तक उचललं. "हे लई जनांनी नेलेलं दिसतंय. चांगलं आसंल."

उद्या दुपारपासून ते तिला वाचून दाखवणार आहे. रोज, संपेपर्यंत, आणि मग दुसरं. गॅलरीतच बसू, तिथे वारा असतो. माझी खुर्ची मात्र गेटकडे पाठ करून ठेवीन. हा शब्द तुम्हाला देते.

तुमची,
वैशू