पहिलं आणि नववं गाणं

अ‍ॅक्रन, ओहायो
ता. २७ मे १९७९

ती. सौ. आयलीनताईस,
धाकट्या रॉइसचा शि. सा. न. वि. वि.

भावोजींची पाठ सुधारली हे वाचून जीव भांड्यात पडला. त्यांना म्हणावं, आता तरी जिन्याखालची जड पेटी एकट्यानं उचलू नका.

लग्न १४ जुलैला, आपल्याच चर्चमध्ये. गावातल्या झाडून साऱ्या लग्नांत तू ऑर्गन वाजवलास आणि सख्ख्या भावाच्या लग्नाला मात्र "बघू" म्हणालीस. व्हर्ना ते "बघू" उराशी धरून बसली आहे. तिचं आधीचं लग्न मोडलेलं, म्हणून ताईला ती पसंत नाही असं तिला वाटतं. मी तिला सांगितलं की ताईचं वैर गिटारशी आहे, तुझ्याशी नाही. खरं ना?

सोबत "लोखंडी दुपार" ही गाण्यांची कॅसेट पाठवतोय. गाण्यांच्या यादीचं लेबल उन्हानं गळून पडलंय, तेच बरं. तू नाव वाचून नाक मुरडायची नाहीस. त्यातल्याच एका गाण्यावर आम्हाला आत यायचंय, कुठल्या ते सांगत नाही. सगळी ऐक आणि नंबर लाव. पहिल्यावर आम्ही आत येऊ, शेवटचं चर्चमध्ये वाजणार नाही. पण वाजवायचं तू.

तुझा दटावण्याचा हक्क अबाधित ठेवून,
रॉइस


फिंडले, ओहायो
ता. १० जून १९७९

चि. रॉइस यास,
आयलीनचे अनेक आशीर्वाद.

चर्चच्या जुन्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे, राग मानू नकोस. चांगला कागद आहे, टाकवत नाही.

सध्या पेट्रोलच्या रांगेत अर्धी सकाळ जाते. जुन्या गाडीबरोबर फुकट आलेलं ते गाण्याचं यंत्र पहिल्यांदाच कामाला आलं. मागच्या गाडीतल्या मिसेस ट्रेडवेनं काच खाली करून विचारलं की आयलीन, घरी सगळं बरं आहे ना. भावाचं लग्न आहे म्हटल्यावर तिची समजूत पटली.

एकंदर नऊ गाणी. आगगाडीचं दुसरं ठेवलं, बाबांचं रेल्वेतलं शिट्टी वाजवणं आठवलं. तिसरं इस्त्री करताना ऐकायला चांगलं. मधली तीन-चार मला एकसारखीच वाटली. एकात गिरणीचा भोंगा आहे, बाकीच्यांत तेवढाही नाही.

पहिलं मात्र निःसंशय तळ्याकाठचं. बाई दिवा घेऊन उभी आहे, थंडी वाढते आहे, आणि ती घरात जात नाही. गाणं धड संपतही नाही, नुसतं विरून जातं. रांग पुढे सरकली तरी मी बसूनच राहिले, लोकांनी हॉर्न वाजवले. हे ऑर्गनवर छान बसेल.

नववं कोणतं, हे विचारूच नकोस. ना आगा ना पिछा, एकदम ढोल आणि पुरुषांचा गलका, गुत्ता बंद झाल्यावर रस्त्यात होतो तसा. देवासमोर ते माझ्या हातून होणार नाही.

व्हर्नाबद्दल रोज प्रार्थना करते. अजून मनाला उत्तर मिळालेलं नाही, खोटं कशाला सांगू. तिनं भरतकाम करून पाठवलेला उशीचा अभ्रा उलटून पाहिला, टाके मागूनही स्वच्छ आहेत. तूर्त एवढंच.

तुमची जेवणं वेळेवर होवोत.
आयलीन


अ‍ॅक्रन
ता. १७ जून १९७९

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र व्हर्नाला वाचून दाखवलं. पहिल्या नंबराला ती टाळ्या पिटत उठली आणि नवव्याला मटकन खाली बसली. ताई, गाणी नऊ नाहीत गं, आठच आहेत!

ही जाडी कॅसेट चार भागांत वाजते आणि चारही भाग सारख्या लांबीचे लागतात. गाणं लांबलं, की कंपनीवाले ते मधेच विरवतात, खट्ट करून भाग बदलतो आणि उरलेलं पुढे लागतं. तू एकाच गाण्याला पहिलाही नंबर दिलास आणि शेवटचाही.

तो गलका गुत्त्यातला नव्हे. होड्या परत येताहेत. माणसांना काठावरचा दिवा दिसतो आणि ती ओरडतात, आलो, आलो. व्हर्ना भांडी विसळताना म्हणाली, आधीच्या घरी मी फक्त पहिलं अर्धं जगले. मग पुसायला फडकं दे म्हणाली, मी दिलं.

पण बोली ती बोली. अर्ध्यावरच आत येऊ. तेवढं वाजवताना तिच्या चेहऱ्याकडे मात्र बघू नकोस.

भावोजींना नमस्कार, तुझी माया आहेच.
रॉइस


फिंडले
ता. २४ जून १९७९

चि. रॉइस यास,
अनेक आशीर्वाद.

वाचनालयात याच गाण्यांची तबकडी आहे असं कळलं. कानाला यंत्र लावून गाणं सलग ऐकलं. दोनदा. शेवटी माझाच पाय टेबलाखाली ठेका धरत होता, तिथल्या बाईंनी खूण करून थांबवला.

घरी येऊन प्रार्थनेला बसले, तर बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट डोक्यातून जाईना. लेकरू परत आलं म्हणून बापानं गाणंबजावणं लावलं, अगदी अंगणाबाहेर आवाज जाईल असं. आणि ते ऐकून दाराबाहेर फुरंगटून उभा राहिला तो थोरला भाऊ. आजवर मला वाटायचं, बिचाऱ्याचं तरी काय चुकलं! आता थोरली बहीण म्हणून त्याच्या शेजारी उभं राहायची माझी इच्छा नाही.

पाद्रीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले की ढोल ऑर्गनवर कसे वाजणार. म्हटलं, पायानं, खालच्या पट्ट्यांवर. रोज संध्याकाळी सराव चालू आहे. तुझे भावोजी म्हणतात, चर्चच्या छतावरची कबुतरं गाव सोडून गेली. जाऊ देत.

तेव्हा यादी दुरुस्त केली आहे. गाणी आठ. पहिलं तळ्याकाठचं, अख्खं. शेवटचा नंबर भोंग्याच्या गाण्याला दिला, त्याची कुणाला हळहळ वाटू नये.

या पुढच्या ओळी तिला वाचून दाखव.

चि. सौ. कां. व्हर्नास आयलीनताईचे आशीर्वाद. आत येताना घाई करू नये. होड्या काठाला लागेपर्यंत दारापासून वेदीपर्यंत सावकाश यावे. मी वाजवत असेन, आणि तुझ्या चेहऱ्याकडेच बघत असेन.

तुमची,
आयलीन