धोंड्यातला कॉम्प्युटर जुना झाला

जानेफळ, ता. मेहकर
शनिवार, ८ जून १९९१

सौ. रुक्मिणीबाई विहीणबाई यांस,
सुभद्राबाईचा नमस्कार.

पत्र लिहिणे भाग पडले ते एवढ्यासाठी, की धोंड्याच्या महिन्यात आमच्या घरून तुमच्याकडे धाडला गेलेला कॉम्प्युटर जुना झाला आहे, आणि जावयाच्या घरी जुनी वस्तू राहू देणे माझ्याने होत नाही. सोमवारपासून माझ्या टायपिंगच्या वर्गात अठरा मुली कॉम्प्युटर शिकायला येणार आहेत, हेही जोडीला कळवून ठेवते, म्हणजे पुढचे वाचताना तुमचा गोंधळ होणार नाही.

आता रीतीने विचारते. तुमचे गुडघे कसे आहेत? व्याही रामराव यांचा रक्तदाब उतरला का, की अजून मिठाच्या पापडावरून घरात वाद होतात? आमच्या नलिनीचे तुमच्याशी बरे चालले असेलच. ती माझ्या हाताखाली वाढलेली आहे, तेव्हा उलट बोलत असेल, पण वेळेवर बोलत असेल. आमच्याकडे सर्व ठीक. माझी तब्येत मी विचारात घेत नाही, त्यामुळे ती बरी असते.

धोंड्याच्या जेवणाला गुडघ्यांमुळे तुम्ही आला नाहीत. कॉम्प्युटर तुमच्या घरी कसा आला हे तुम्हाला भगवंतरावांकडूनच कळले असणार. तुमचे चिरंजीव खोटे बोलत नाहीत, ही मी लग्नाच्या आधीच केलेली चौकशी आहे. पण ते पाटावर बसलेले होते, आणि पाटावर बसवलेल्या माणसाला खोलीतला अर्धाच प्रकार दिसतो. उरलेला अर्धा मी सांगते.

गेली दीड वर्षे मी जावईबापूंना एकच प्रश्न विचारत होते, कोणता कॉम्प्युटर घ्यावा. तुमच्या धाड गावच्या बाजारात खतांचे दुकान चालवून हा माणूस कॉम्प्युटरची मासिके मागवतो, पुण्याची प्रदर्शने पाहून येतो, आणि अजून बाजारात न आलेल्या यंत्राबद्दल असे बोलतो की जणू त्याच्या बारशाला हजर होता. मला याचे कौतुक आहे. आमच्या वेळी अमरावतीच्या कॉलेजात प्राध्यापकसुद्धा इतके पुढचे बोलत नसत. पण उत्तर मिळेना. दिवाळीला म्हणाले, मामी, दोनशे शहाऐंशी घेऊ नका, तीनशे शहाऐंशी स्वस्त होणार आहे. संक्रांतीला म्हणाले, तीनशे शहाऐंशी घेऊ नका, चारशे शहाऐंशी निघाला आहे, त्याचाही एक गरिबांसाठीचा नमुना येतो आहे. होळीला बोंबा मारायच्या सोडून पाचशे शहाऐंशीची कुजबुज सांगत बसले. शिवाय डॉसची पाचवी आवृत्ती जूनपर्यंत येणार, तोवर घेतलेले सगळे वाया. (डॉस म्हणजे कॉम्प्युटरला उठवून कामाला लावणारी आज्ञावली. ती नसली तर कॉम्प्युटर म्हणजे नुसते कपाट. हे मी भगवंतरावांकडूनच शिकले, श्रेय देते.) आणि त्याच्याही पुढे म्हणे असा पडदा येणार आहे की आज्ञा टाईप करायलाच नको, चित्रावर बाण नेऊन टिचकी मारली की झाले. मी विचारले, मग माझ्या मुलींच्या चाळीसच्या स्पीडचे काय करायचे? त्यावर म्हणाले, थांबा.

हे संभाषण आमच्या ओसरीवर होत असल्याने गावातही रोग पसरला. आमचे शेजारी पंजाबराव रोज संध्याकाळी येऊन नवीन काय निघाले ते विचारू लागले. त्यांचा गेल्या साली वेचलेला कापूस भाव वाढेल म्हणून अजून माडीवर पडून आहे (खाली झोपणाऱ्यांना रात्रभर शिंका येतात), त्यामुळे थांबण्याच्या शास्त्रात त्यांचा अधिकार मोठा. त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितले, की मशीन म्हंजे वावर आन् डॉस म्हंजे बियाणं. नवं बियाणं येऊन राह्यलं तं जुनं काऊन पेरा? यावर चार माणसांनी माना डोलावल्या. ज्यांनी आयुष्यात कॉम्प्युटर पाहिला नाही अशा माणसांनी जानेफळच्या ओसरीवर बसून तीनशे शहाऐंशी नापास केला, हे मी कानांनी ऐकले आहे.

मी मात्र होळी होताच उठले, अकोल्याला गेले आणि दोनशे शहाऐंशी ठरवून आले. भगवंतरावांना कळवले नाही, कारण ते काय म्हणतील ते मला पाठ होते. कारण साधे होते. मेहकरला कॉम्प्युटरचा वर्ग निघाला आहे. मुलगे एसटीने जातात. मुलींचे आईबाप म्हणतात, बाईंच्याकडे गावात असेल तर शिकेल, नाहीतर टायपिंग झाले तेवढे पुरे. 'पुरे' या शब्दानंतर आमच्याकडे मुलीचे काय होते ते तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा तो कॉम्प्युटर माझ्या मुलींसाठी होता. हे वाक्य मी मुद्दाम साधे लिहिले आहे.

दुकानदाराने गुढीपाडव्याला देतो म्हणून सांगितले आणि आणून दिला तो नेमका भगवंतरावांच्या धोंड्याच्या जेवणाच्या दिवशी, सकाळी दहाला. आता तुम्हाला ठाऊकच आहे, धोंड्याच्या महिन्यात कोणी स्वतःसाठी नवी वस्तू घरात घेत नाही. आलीच तर ती जावयाची. मी असले काही पाळत नसल्याने ते माझ्या लक्षातही आले नाही. समोरच्या खोलीत विजेचे तीन पायांचे एकच सॉकेट, त्याच्याजवळ टेबल, आणि टेबलाला लागूनच भगवंतरावांचा पाट मांडलेला, कारण पंखा तिथेच आहे. नवे यंत्र घरात आले म्हणून मी त्याला कुंकवाचे बोट लावले आणि उरलेला झेंडूचा हार घातला. उरलेला, हे लक्षात घ्या. पहिला हार जावयांना.

इतक्यात गल्लीतल्या बाया हळदीकुंकवाला आल्या. वच्छलाबाई पुढे. यांना तुम्ही लग्नात पाहिले आहे, पंगतीत तूप कमी पडल्याचे ज्यांनी मांडवभर सांगितले त्या. तेहतीस अनारशांचे ताट, दिवा, पाटावर जावई, आणि शेजारी हार घातलेले यंत्र, असे पाहून त्या दारातच थबकल्या आणि मला विचारले, जावयाले टीव्ही देला काय, बाई? भगवंतरावांनी पाटावरून मान वळवली. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, टीव्ही नाही मावशी, कॉम्प्युटर आहे. असे म्हणून ते माझ्याकडे पाहू लागले, आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मी दीड वर्षे कोणता घ्यावा म्हणून विचारत होते त्याचा अर्थ त्यांना त्या क्षणी लागला, म्हणजे चुकीचा लागला. ते पाटावरून उठले, आणि अनारशाला हात लावायच्या आधी सगळ्यांसमोर माझ्या पाया पडले.

विहीणबाई, मी सांगणारच होते. शब्द ओठांवर होते. तेवढ्यात वच्छलाबाई हळूच म्हणाल्या, "म्या तं टावेल-टोपी देली हो जावयाले." ज्या बाईने माझ्या पोरीच्या लग्नातले तूप मोजले होते ती बाई हे म्हणत होती. मी खोटे बोलले नाही. मी काहीच बोलले नाही. फक्त पदर नीट केला.

संध्याकाळी कॉम्प्युटर जानेफळ-धाड खेपा करणाऱ्या रंगरावांच्या जीपमध्ये चढला आणि तुमच्या घरी गेला. त्यानंतरचे आठ दिवस मी गावात चालले ते, खरे सांगायचे तर, चांगले चालले. मेहकरपासून हिवरा आश्रमापर्यंत गोष्ट पोचली. लोणारच्या एका गृहस्थांनी तर सासूला निरोप धाडला म्हणे, की टावेल परत घ्या, मी नव्या नमुन्यासाठी थांबायला तयार आहे. बाया मला वाट देत. पंजाबराव म्हणाले की दोनशे शहाऐंशी असला तरी देणाऱ्याचा हात पाहावा. अभिमान वाटावा असेच ते होते आणि मला तो वाटला. अजून थोडा वाटतो.

पण मे संपला. मुली वर्गात येऊन टेबलावरची रिकामी जागा पाहायच्या आणि काही विचारायच्या नाहीत, कारण मी त्यांना न विचारण्याचे वळण लावले आहे. शेवटी मीच सांगितले, की आणखी चांगला कॉम्प्युटर निघणार आहे, थोडे थांबा. (हा शब्द माझ्या तोंडून गेला. मी तो ऐकला.) आमच्या बनाबाईंची मुलगी द्वारका आहे, जिचा इंग्रजीचा स्पीड साऱ्या तालुक्यात पहिला आला, ती टाईपरायटरवरचा हात न उचलता म्हणाली, "बाई, नवा येऊस्तोर आमचं लगन होऊन जाईन."

ती चेष्टा करत नव्हती. मागच्या गुरुवारी तिला पाहायला माणसे येऊन गेली आहेत. बनाबाईंना मी विचारले, तर म्हणाल्या, सोमवारी वर्ग निघाला तं दिवाळीपर्यंत थांबतो, नाही तं कायले थांबाव? मी सोमवारी निघतो असे सांगून आले. माझा शब्द आजवर फिरलेला नाही.

तेव्हा पुन्हा मूळ मुद्द्यावर येते. जावयाला दिलेली वस्तू परत मागणाऱ्यांतली मी नव्हे, हे तुम्ही जाणता. मी फक्त एवढेच म्हणते, की जो दोनशे शहाऐंशी भगवंतरावांनी स्वतः दिवाळीलाच घेण्यालायक नाही म्हणून सांगितला होता, तो त्यांच्याच गळ्यात बांधणे मला शोभत नाही. तुमच्या घराला तर मुळीच शोभत नाही. उद्या धाडच्या बाजारात कोणी म्हणाले की रामरावांच्या मुलाला सासूने मागच्या पिढीतले यंत्र दिले, तर मी तोंड कुठे लपवू? म्हणून मी या पत्राने लेखी बांधून घेते: ज्या दिवशी भगवंतराव आपण होऊन म्हणतील, की मामी, आता थांबू नका, यापुढे याहून नवा काही येणार नाही, हाच घ्या, त्याच दिवशी मी अकोल्याला जाऊन तोच कॉम्प्युटर त्यांना घेऊन देईन. रंगीत पडद्यासह. साक्षीला हे पत्र जपून ठेवावे.

तोवर जुने यंत्र तुमच्या घरातली जागा अडवत असेल, तर ती अडचण मी सोसायला तयार आहे.

तुमची,
सुभद्राबाई

ता. क. नलिनीचे पत्र आले. तुम्ही कॉम्प्युटरवर विणलेला रुमाल घालून वर फुलदाणी ठेवली आहे, हे वाचून समाधान वाटले. ती असेही लिहिते की यंत्र सुरू होते, पडदा उजळतो, पण कितीही बटणे दाबली तरी ऐकत नाही, आणि भगवंतरावांनी घरच्यांना सांगितले आहे की याला डॉसची पाचवी आवृत्ती लागते, ती आली की चालेल. तिची वाट पाहू नये. कॉम्प्युटरच्या डब्याला पुढच्या बाजूला एक लहान कुलूप असते, ते लावले की बटणे मुकी होतात. घराबाहेर जाणाऱ्या वस्तूला कुलूप लावायची माझी सवय आहे, ते मी जीपमध्ये चढवतानाच लावले. किल्ली माझ्या कमरेला आहे.

दुसरे. वच्छलाबाईंना मी आज सकाळी विहिरीवर सांगून टाकले, की आमच्या विहीणबाईंचे मन फार मोठे, सुनेच्या माहेरच्या मुली शिकाव्यात म्हणून मिळालेला कॉम्प्युटर त्यांनी आणि भगवंतरावांनी वर्गाला देऊन टाकला. मी दिलेल्यापेक्षा त्यांचे देणे मोठे, असेही म्हणाले. हे म्हणणे मला सोपे गेले नाही, ते तुम्ही समजून घ्याल. वच्छलाबाईंना सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत मेहकरला आणि रात्रीपर्यंत चिखलीला असते, त्यामुळे हे पत्र तुमच्या हाती पडायच्या आधी धाडमध्ये कोणी तुमचे अभिनंदन केले, तर गडबडून जाऊ नये. भगवंतरावांनी सोमवारी अकराला उद्घाटनाला यावे, आणि जमेल तर दर रविवारी दोन तास मुलींना शिकवावे. पुढे काय काय येणार आहे तेही त्यांनी सांगावे. मुली ऐकतील, फक्त बोटे चालू ठेवून ऐकतील. फळ्यावर मी त्यांचे नाव लिहवून घेतले आहे. माझे घातलेले नाही.

रंगरावांच्या हवाली केले ते असे: अनारशांचा एक डबा, तुमच्या गुडघ्यांसाठी तेलाची बाटली, नलिनीला एक साडी, भगवंतरावांना टावेल-टोपी, हे पत्र. किल्ली दिलेली नाही. रंगरावांच्या जीपची मागची सीट काढून आमच्या ओसरीवर ठेवून घेतली आहे आणि तिच्या जागी एक गादी अंथरून दिली आहे. गादी परत यावी.